नळी किती आत? कॅथेटरच्या योग्य लांबीविषयी थोडेसे

आपल्या रुग्णालयाच्या भांडाराची नोंदवही विश्वस्तांसमोर येते, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारला जातो. कॅथेटर ही वस्तू एकच. मग तिच्या इतक्या वेगवेगळ्या नोंदी कशासाठी? एकाच मापाची नळी घाऊक घेतली, तर दर कमी पडणार नाही का? प्रश्न रास्त आहे. देणगीदारांनी विश्वासाने दिलेल्या पैशाचा हिशेब मागणे हे विश्वस्तांचे कर्तव्यच आहे आणि त्याला 'वैद्यकीय गरज' एवढ्या दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळे होणे आम्हा डॉक्टरांना शोभणारे नाही. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांचाही या विषयाशी जवळून संबंध येतो. "मानेतून नळी घातली आहे, आता छातीचा एक्स-रे काढायचा आहे," असे आम्ही त्यांना सांगतो. नळी घालून झाली असेल तर आता एक्स-रे कशाला, ही शंका त्यांच्या चेहऱ्यावर उमटते. भिडेपोटी ते विचारत नाहीत इतकेच. या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. पाकिटावर छापलेली लांबी ही नळीची असते. रुग्णाला लागणारी लांबी त्याच्या शरीरावरून आधी अंदाजावी लागते आणि नळी बसवल्यावर ती पडताळून पाहावी लागते.

कॅथेटर या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत असून त्याचा अर्थ 'खाली सोडलेली वस्तू' असा काहीसा होतो. सर्वसामान्यांच्या परिचयाचा कॅथेटर म्हणजे लघवीची नळी. पुरुषांचा मूत्रमार्ग सुमारे १८ ते २० सें.मी. लांब असतो आणि स्त्रियांचा जेमतेम ४ सें.मी. नेहमीच्या वापरातील सुमारे ४० सें.मी. लांबीची नळी दोघांनाही चालते. मात्र स्त्रियांसाठी बनवलेली आखूड नळी चुकून पुरुष रुग्णाला घातली गेली, तर तिच्या टोकाजवळचा फुगा मूत्राशयात पोहोचण्यापूर्वीच, मूत्रमार्गात फुगवला जातो आणि तेथे इजा होऊन रक्तस्राव होतो. इंग्लंडमधील रुग्णसुरक्षा यंत्रणेला २००९ मध्ये नेमक्या याच चुकीबद्दल सर्व रुग्णालयांना इशारा द्यावा लागला होता. प्रगत देशात आणि अगदी साध्या नळीच्या बाबतीत हे घडले.

नाकातून जठरात जाणारी नळी, अर्थात जॉन राईल या ब्रिटिश डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाणारी राईल्स ट्यूब, पुष्कळ नातेवाइकांनी पाहिलेली असते. ती घालण्यापूर्वी सिस्टर नळीचे टोक रुग्णाच्या नाकाच्या शेंड्याशी धरतात, तेथून ती कानाच्या पाळीपर्यंत आणि पुढे छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत नेऊन खूण करतात. बघणाऱ्याला शिंप्याने माप घ्यावे तसे ते वाटते. ते तसेच असते. या मापानेही नळी कधी थोडी आखूड पडते, म्हणून पुढे जठरातील आम्लाची चाचणी किंवा एक्स-रे करून खात्री केल्यावाचून तिच्यातून अन्न देऊ नये असा दंडक आहे.

या लेखाचा मुख्य विषय मात्र हृदयालगतच्या मोठ्या शिरेत ठेवल्या जाणाऱ्या कॅथेटरचा आहे, कारण तेथे दोन-तीन सेंटिमीटरांचा फरकही रुग्णाला महागात पडू शकतो.

महाशिरेची सात सेंटिमीटर

डोके, मान आणि दोन्ही हात यांकडून परतणारे अशुद्ध रक्त ऊर्ध्व महाशिरेत एकत्र येते आणि हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, म्हणजे उजव्या अलिंदात, उतरते. प्रौढ माणसात ही महाशीर सुमारे ७ सें.मी. लांब असते. मानेतून किंवा गळपट्टीच्या हाडाखालून घातलेल्या कॅथेटरचे टोक या शिरेच्या खालच्या भागात, अलिंदाच्या उंबरठ्याशी असावे अशी अपेक्षा असते. तेथे रक्ताचा ओघ मोठा असल्यामुळे पोटॅशियमचे तीव्र द्रावण, रक्तदाब टिकवून धरणारे नॉरअ‍ॅड्रिनॅलिन किंवा शिरेतून दिले जाणारे पोषणद्रव यांसारखे पदार्थ क्षणार्धात विरल होतात. हेच पदार्थ हाताच्या बारीक शिरेतून दीर्घकाळ दिले, तर ती शीर भाजल्यासारखी होते.

ज्यांनी विहिरीवर मोटारपंप बसवलेला पाहिला आहे, त्यांना लांबीचा हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. पाईप आखूड पडला, तर पाणी खाली गेल्याबरोबर पंप हवा ओढू लागतो. फार लांब सोडला, तर तळाचा गाळ येतो. कॅथेटर आखूड पडला, तर त्याचे टोक महाशिरेच्या वरच, तुलनेने अरुंद शिरेत राहते. तेथे औषध पुरेसे विरल होत नाही, शिरेच्या अस्तराला इजा पोहोचते आणि रक्ताची गुठळी धरण्याचा संभव वाढतो. दोन-तीन मार्गांच्या कॅथेटरमध्ये एका मार्गाचे छिद्र टोकापासून काही सेंटिमीटर अलीकडे असते. नळी फारच कमी आत गेली असेल, तर ते छिद्र शिरेबाहेर, त्वचेखाली राहून औषध मांसात झिरपण्याचा धोका असतो. उलटपक्षी नळी अधिक आत गेली, की टोक हृदयाच्या आतील भिंतीला स्पर्श करते. हृदयाची लय बिघडते. क्वचित प्रसंगी ताठर नळीचे टोक सतत एकाच जागी घासून भिंतीला छिद्र पडते आणि हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त किंवा सलाईन साचून हृदयच आवळले जाते. असे क्वचितच घडते, पण घडले तर ते पाहता पाहता जिवावर बेतते.

माझ्या शिक्षणाच्या काळातील, दुसऱ्या एका रुग्णालयातील प्रसंग येथे सांगतो. साठी ओलांडलेल्या, अंगाने लहानखुऱ्या अशा एका बाईंना रात्री जंतुसंसर्गामुळे अत्यवस्थ स्थितीत आणले होते. भांडारात २० सें.मी. लांबीचा कॅथेटर तेवढा शिल्लक होता. तो मी उजव्या मानेतून घातला आणि टाके घालायला सोयीचे म्हणून मुठीपर्यंत पूर्ण आत सारला. रक्त व्यवस्थित ओढले जात होते. काम नीट झाले असे मी मानले. पहाटे मॉनिटरवर हृदयाचे ठोके वेडेवाकडे होऊ लागले. आम्ही क्षारांचे प्रमाण तपासले, औषधांची मात्रा तपासली, आणखी एक औषध सुरू केले. रात्री काढलेला एक्स-रे वाळत टांगलेला होता आणि तो कोणी नीट पाहिलाच नव्हता. सकाळी आमच्या वरिष्ठ मॅडम आल्या. त्यांनी फिल्म खिडकीकडे धरली आणि एकच प्रश्न विचारला, "यांची उंची किती?" मला ठाऊक नव्हते. कॅथेटर पाच सेंटिमीटर मागे ओढल्यावर ठोके हळूहळू पूर्ववत झाले. बाई पुढे बऱ्या होऊन घरी गेल्या, म्हणून तो प्रसंग आज मला शांतपणे लिहिता येतो.

उंचीचा दहावा भाग

मॅडमच्या त्या प्रश्नामागे एक साधा हिशेब होता. पेरेस यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्रानुसार उजव्या मानेतील शिरेतून कॅथेटर घालताना रुग्णाच्या उंचीला दहाने भागावे. येणारा आकडा म्हणजे आत घालावयाची लांबी. डाव्या मानेतून घालताना त्यात ४ सें.मी. मिळवावेत. उजव्या गळपट्टीच्या हाडाखालून घातल्यास २ सें.मी. वजा करावेत आणि डाव्या बाजूने त्याच जागी घातल्यास २ सें.मी. मिळवावेत.

हे आकडे प्रत्यक्ष मांडून पाहण्याजोगे आहेत. १७० सें.मी. उंचीच्या पुरुषाला उजव्या मानेतून १७ सें.मी. आणि डाव्या मानेतून २१ सें.मी. नळी लागते. १४५ सें.मी. उंचीच्या स्त्रीला उजव्या मानेतून साडेचौदा, तर उजव्या गळपट्टीच्या हाडाखालून अवघी साडेबारा. एकाच दिवशी शेजारशेजारच्या खाटांवर असलेल्या दोन प्रौढ रुग्णांमध्ये साडेआठ सेंटिमीटरांचा फरक पडू शकतो आणि ज्या महाशिरेत टोक ठेवायचे तिची सारी लांबीच सातच्या आसपास! माझ्या त्या रुग्ण बाईंना वीस सेंटिमीटर नळी किती जास्त झाली होती हे आता वाचकांनीच ताडावे.

डाव्या बाजूला अधिक लांबी का, याचे उत्तर शरीररचनेत आहे. महाशीर छातीच्या उजव्या अंगाला असते. उजव्या मानेतून उतरणारी वाट जवळजवळ सरळ आहे. डाव्या बाजूची शीर मात्र छातीच्या हाडामागून आडवी येते आणि मग काटकोनात वळून महाशिरेला मिळते. डावीकडून घातलेली नळी थोडी आखूड राहिली, तर तिचे टोक या वळणावर महाशिरेच्या भिंतीला समोरून टेकते. धडधडीत रस्त्यावर न वळता समोरच्या घराच्या भिंतीला भिडावे तसे. म्हणून शक्य असेल तेथे आम्ही उजवी मान पसंत करतो.

सूत्र हा अंदाजच. एक डॉक्टर मानेत थोडा वर टोचतो, दुसरा थोडा खाली. तेवढ्यानेच दोन-तीन सेंटिमीटरांचे अंतर पडते. पाठीला कुबड असलेल्या, मान आखूड असलेल्या किंवा लहानपणी पोलिओ झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत उंची आणि छाती यांचे नेहमीचे प्रमाण राहत नाही. म्हणून सूत्राबरोबर प्रत्यक्ष शरीरावरही माप घेतात. टोचण्याच्या जागेपासून उजव्या गळपट्टीचे हाड छातीच्या मधल्या हाडाला जेथे मिळते त्या सांध्यापर्यंत आणि तेथून खाली तिसऱ्या बरगडीखालच्या फटीपर्यंत निर्जंतुक पट्टी धरली जाते. दंडातून घालायच्या लांब कॅथेटरसाठी तर हे मापच प्रमुख आधार असते.

आता एका अडचणीकडे वळतो, जी ऐकायला क्षुल्लक वाटेल. केसपेपरवर वजनाचा रकाना असतो, उंचीचाही असतो. उंचीचा बहुधा रिकामा राहतो. बेशुद्ध रुग्णाला भिंतीला टेकून उभे करता येत नाही. नातेवाइकांना विचारावे, तर "माझ्याएवढीच असेल" असे उत्तर मिळते आणि सांगणारा स्वतःची उंचीही अंदाजानेच सांगत असतो. वृद्धांच्या बाबतीत तरुणपणची उंची आणि आताची उंची यांत काही सेंटिमीटरांचे अंतर पडलेले असते. उपाय साधा आहे. रुग्ण सपाट झोपलेला असताना चादरीवर माथ्याशी आणि टाचेशी खूण करून मधले अंतर टेपने मोजायचे. पाय आखडलेले असतील, तर गुडघ्यापासून टाचेपर्यंतच्या मापावरून उंचीचा अंदाज बांधण्याची पद्धत आहे. याला लागणारी टेप शिवणकामाच्या दुकानात मिळते. अतिदक्षता विभागातील प्रत्येक खाटेशी अशी टेप टांगलेली असावी असा माझा आग्रह आहे आणि बाहेरच्या माणसाला ती पाहून हसू आले तरी माझी हरकत नाही.

डायलिसिसची नळी

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या हातावर फिस्टुला तयार होईपर्यंत डायलिसिससाठी दोन मार्गांचा जाड कॅथेटर घालावा लागतो. एका मार्गाने रक्त यंत्राकडे जाते, दुसऱ्याने शुद्ध होऊन परत येते. मिनिटाला दोनशे ते तीनशे मिलिलिटर रक्त ओढायचे, तर टोक मोठ्या प्रवाहात असणे अपरिहार्य ठरते. तात्पुरत्या कॅथेटरची लांबी प्रौढांसाठी उजव्या मानेत साधारण १५ सें.मी., डाव्या मानेत २० सें.मी., तर जांघेतून घालायचा असेल तर २० ते २५ सें.मी. ठेवावी लागते. जांघेतून घातलेला कॅथेटर आखूड असेल, तर टोक पोटातील मोठ्या शिरेपर्यंत न पोहोचता अलीकडच्या शिरेतच अडकते. तेथे प्रवाह मंद असल्यामुळे नुकतेच शुद्ध होऊन परतलेले रक्तच पुन्हा ओढले जाते. पुन्हा विहिरीचाच दाखला द्यायचा, तर पंपाने उपसलेले पाणी पाटात न जाता त्याच विहिरीत पडत राहावे तसे होते. यंत्र चार तास चालते, वीज, पाणी, नळ्या सारे खर्च होते. रुग्ण पहाटेच्या एसटीने आलेला असतो आणि रक्तातील युरिया मात्र उतरायला हवा तेवढा उतरत नाही. या नुकसानीची नोंद भांडाराच्या वहीत कोठेच होत नाही.

दीर्घकाळासाठी बसवायचा मऊ कॅथेटर, ज्याला रुग्ण 'पर्माकॅथ' म्हणतात, त्याचे गणित आणखी वेगळे. त्याच्यावर एक लोकरीसारखी पट्टी असते. ती छातीच्या त्वचेखालील बोगद्यात राहते, तेथे मांस धरते आणि कॅथेटर पक्का बसतो. पट्टीपासून टोकापर्यंतची लांबी कारखान्यातच ठरलेली असते. प्रौढांना उजवीकडून बहुधा १९ सें.मी., डावीकडून २३ सें.मी. लागते. साधा कॅथेटर जास्त लांब असला, तर उरलेला भाग बाहेर ठेवून टाके घालता येतात, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मात्र बाहेर राहिलेला भाग दुमडतो, ओढला जातो आणि कूस बदलताना सुटून येण्याची भीती राहते. पर्माकॅथच्या बाबतीत ही सोयच नाही. बोगद्यातून नेताना पट्टीची जागा चुकली की सारे चुकले.

याच कॅथेटरचे टोक आम्ही मुद्दाम अलिंदाच्या वरच्या भागात ठेवतो. वाचकांना येथे विसंगती वाटेल, कारण हृदयात नळी जाऊ नये असे मी नुकतेच लिहिले आहे. तात्पुरता कॅथेटर तुलनेने ताठर असतो, हा मऊ असतो आणि याला प्रवाहही अधिक लागतो. तेव्हा योग्य लांबी रुग्णाच्या शरीराइतकीच नळी कशाची आहे आणि कोणत्या कामासाठी आहे यावरही अवलंबून असते.

एक किलोचे बाळ

नवजात शिशू कक्षात हा विषय सर्वांत नाजूक होतो. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात, दोन रोहिण्या आणि एक शीर. जन्मानंतरचे पहिले काही दिवस त्यांतून नळी घालता येते आणि बाळाला वारंवार टोचावे लागत नाही. नळी किती घालायची हे ठरवण्यासाठी डन यांनी १९६६ मध्ये खांद्यापासून बेंबीपर्यंतच्या अंतरावर आधारलेले आलेख प्रसिद्ध केले. पुढे १९८६ मध्ये शुक्ला आणि फेरारा यांनी वजनावर आधारलेले सूत्र मांडले. बाळाचे किलोमधील वजन गुणिले तीन, अधिक नऊ, इतके सेंटिमीटर नळी रोहिणीतून. आणि त्याच्या निम्म्यात एक मिळवून येईल तेवढी शिरेतून. तीन किलोच्या बाळाला अनुक्रमे १८ आणि १० सें.मी. पोटावर राहिलेल्या नाळेच्या तुकड्याची लांबी यात वेगळी मिळवावी लागते. ती विसरली, तर नळी तेवढीच आखूड पडते.

अतिशय कमी वजनाच्या बाळांमध्ये मात्र रोहिणीचे हे सूत्र नळी जरुरीपेक्षा आत नेते असे आढळले. त्यामुळे २००८ मध्ये दीड किलोखालील बाळांसाठी वेगळे सूत्र सुचवण्यात आले : वजन गुणिले चार, अधिक सात. एक किलोच्या बाळाला जुन्या सूत्राने १२ सें.मी. येतात, नव्याने ११. एका सेंटिमीटरची काय ती मातब्बरी, असे प्रौढांच्या बाबतीत म्हणता येईल. येथे ज्या शरीरात ती नळी जाते तेच तळहाताएवढे आहे. शिरेतील नळी आखूड पडून यकृतात राहिली आणि तिच्यातून पोषणद्रव दिले गेले, तर यकृताला इजा होते. अधिक आत गेली, तर कागदासारखी पातळ हृदयभिंत समोर असते.

या सूत्रांत वजन हाच पाया आहे हे ध्यानात घेतले, की शिशू कक्षातील वजनकाट्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. काटा दोनशे ग्रॅमने चुकला, तर शुक्ला-फेरारा सूत्राने रोहिणीतील नळी सहा मिलिमीटरने चुकते. काट्याच्या नियमित तपासणीचा खर्च ताळेबंदात दिसतो तो या कारणाने.

एक्स-रे कशासाठी

जर्मनीतील एबर्सवाल्डे या गावी १९२९ मध्ये वर्नर फोर्समान या पंचविशीतल्या डॉक्टरने मूत्रवाहिनीसाठी वापरली जाणारी बारीक नळी स्वतःच्याच डाव्या हाताच्या शिरेतून ६५ सें.मी. आत सारली आणि तशाच अवस्थेत तो चालत एक्स-रे विभागात गेला. नळीचे टोक उजव्या अलिंदात पोहोचल्याचे चित्र त्याने काढून घेतले. वरिष्ठांची परवानगी नसताना केलेल्या या धाडसाचे अनुकरण कोणी करू नये; परंतु १९५६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांच्यासमवेत मिळाले. मला त्याच्या धाडसापेक्षा ते एक्स-रे खोलीपर्यंत चालत जाणे अधिक शिकवून जाते. नळी आत गेली एवढ्यावर तो थांबला नाही. टोक कोठे आहे हे त्याने पाहिले.

आजही छातीच्या एक्स-रेमध्ये आम्ही तेच पाहतो. श्वासनलिका जेथे दोन शाखांत विभागते ती जागा चित्रात स्पष्ट दिसते. प्रौढांमध्ये हृदयाभोवतीच्या पिशवीची वरची कड सामान्यतः या जागेच्या खाली असते. त्यामुळे ताठर कॅथेटरचे टोक या दुभाजकाच्या आसपास असेल, तर ते पिशवीच्या बाहेर आहे असे मानता येते. टोचताना फुप्फुसाला इजा होऊन छातीत हवा शिरलेली नाही ना, हेही त्याच चित्रात कळते. हल्ली कॅथेटरच्या टोकाशी ईसीजी जोडून नळी आत सरकवतानाच अंदाज घेता येतो. टोक अलिंदाजवळ येऊ लागले, की ईसीजीतील 'पी' ही छोटी लाट उंच होत जाते. रुग्णाच्या अलिंदाची लयच मुळात अनियमित असेल, तर मात्र ही पद्धत उपयोगी पडत नाही. सोनोग्राफीने शीर शोधणे सुरक्षित झाले आहे आणि शिशूंमध्ये टोकही तिने पाहता येते.

पडताळणीतही एक मेख आहे. एक्स-रे बहुधा झोपलेल्या रुग्णाचा काढला जातो. तो उठून बसला, की पोटातील अवयव आणि श्वासपटल खाली उतरतात, छातीची त्वचा ओघळते आणि टोक दोन-तीन सेंटिमीटर वर सरकू शकते. स्थूल व्यक्तींमध्ये अधिकच. दंडातून घातलेल्या नळीचे टोक हात अंगाशी घेतला किंवा दूर नेला तरी हलते. म्हणून घरी जाऊन हिंडूफिरू लागणाऱ्या रुग्णाची पर्माकॅथ निवडताना ही सरक आधीच हिशेबात धरावी लागते.

आता भांडाराच्या नोंदवहीकडे परत येऊ. प्रौढांसाठी दोन-तीन लांबीचे साधे कॅथेटर, मुलांसाठी त्याहून आखूड, डायलिसिससाठी मान आणि जांघ यांचे वेगळे, पर्माकॅथ दोन मापांच्या, नाळेच्या नळ्या आणखी निराळ्या. अशा त्या नोंदी वाढत जातात. यांतील काही मापे वर्षातून क्वचित लागतात आणि एखादे पाकीट मुदत संपून टाकावेही लागते. ही नासाडी कमी व्हावी म्हणून मुदत जवळ आलेली पाकिटे आधी वापरणे, क्वचित लागणारे माप एक-दोनच ठेवणे एवढे आपण करू शकतो. मात्र रात्री दोन वाजता आवश्यक ते माप नाही म्हणून हाताशी असलेले वापरण्याची पाळी काय असते, ते मी वर सांगितले आहे.

नातेवाइकांना एवढीच विनंती की, नळी घालण्यापूर्वी संमतीपत्रकावर सही घेताना आम्ही जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरे आठवून द्यावीत. पूर्वी मानेतून किंवा जांघेतून नळी घातली होती का, कोणत्या बाजूने. पेसमेकर आहे का. मानेवर किंवा छातीवर शस्त्रक्रिया अथवा किरणोपचार झाले आहेत का. पाठीच्या कण्याला बाक आहे का. जुने एक्स-रे घरी कपाटावर गुंडाळून ठेवलेले असतात, ते आणावेत.

नळी बसल्यावर त्वचेपाशी तिच्यावरील सेंटिमीटरचा जो आकडा दिसतो तो केसपेपरवर लिहिला जातो आणि प्रत्येक पाळीच्या सिस्टर तो पुन्हा पाहतात. अंग पुसताना किंवा कपडे बदलताना नळीला हिसका बसला, पट्टी सुटली किंवा आकडा बदललेला वाटला, तर आपण होऊन नळी आत ढकलू नये, लगेच सिस्टरांना सांगावे. काम संपले की नळी काढली जाते. त्यासाठी रुग्णाला सपाट झोपवून डोक्याची बाजू थोडी खाली करतात, जागा काही मिनिटे दाबून धरतात आणि हवाबंद पट्टी लावतात. काढलेली नळी फेकण्यापूर्वी सिस्टर ती ट्रेमध्ये सरळ ठेवून टोक शाबूत आहे का ते पाहतात, घालताना नोंदवलेल्या लांबीशी ती ताडून घेतात आणि केसपेपरवर 'पूर्ण काढली' असे लिहून वेळ टाकतात.